पहिला लेयर वाळू तर दे!

...आणि वर मलाच विचारतात, "काय पेंटर, शेवटी शिकलात म्हणे कॉम्प्युटर?" शेवटी! अहो, 'शेवटी' कशाला? माझा काय शेवट आलाय? आणि 'म्हणे' कशाला? समोर उभा आहे ना मी, चांगला धडधाकट, मलाच विचारताय आणि वर 'म्हणे'! बरं, विचारताना तोंडावर ते एक हसू असतं बघा, कडक मास्तर घसरून पडल्यावर वर्गातली पोरं हसतात ना, तसलं! तुम्हाला सांगतो, त्या हसण्यानं माझं टाळकं फिरतं. म्हणून आज सगळे बसलाच आहात तर एकदाच काय ते सांगून टाकतो, मग पुन्हा कुणी विचारायचं नाही. शिकलो. हो, शिकलो! पण शरण नाही गेलो हं मी! एवढं आधी डोक्यात घट्ट बसवा, मग बाकीचं ऐका.

बेचाळीस वर्षं पाट्या रंगवतोय मी. डॉक्टरांच्या, वकिलांच्या, शिंप्याच्या, चष्मेवाल्याच्या, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार... आणि 'कुत्र्यापासून सावध राहा' तर इतक्या फाटकांवर लिहिलंय की इथली कुत्री मला बघून भुंकत नाहीत, आपला माणूस म्हणून सोडून देतात! एका बंगल्यावर मी ते इतकं देखणं लिहिलं होतं की येणारे-जाणारे वाचत उभे राहायचे आणि कुत्र्याला आयते सापडायचे. मालकानं मला बोलावून घेतलं, हात जोडून म्हणाला, "पेंटर, जरा वाईट लिहा हो!" म्हणजे बघा. अक्षर कसं पाहिजे, तर वाचणारा चावून घ्यायला तयार झाला पाहिजे. त्या मालकाला मी वाईट लिहून दिलं नाही, ते वेगळं सांगायला नको.

आणि मग माझ्या दुकानासमोर हा आला. फ्लेक्सवाला! वीस वर्षं झाली त्याला. बरोब्बर समोर, मधे फक्त रस्ता. पहिल्याच दिवशी येऊन पाया पडला, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. "पेंटरकाका, आशीर्वाद द्या, तासाभरात बोर्ड करून देतो मी!" तासाभरात! अहो, तासभर तर मी पाटीकडे नुसता बघतो! पाटी समजायला लागते आधी. आणि याचं कसं? नाव लांब आणि पाटी आखूड असली, की यानं धरलं नाव दोन्ही बाजूंनी आणि दाबलं! अक्षरं कशी दिसतात? भरलेल्या लिफ्टमध्ये पोटं आत घेऊन उभी राहिल्यासारखी! आणि नाव आखूड, पाटी लांब, की धरलं आणि ओढलं. मग अक्षरं सगळी आडवी, दुपारची वामकुक्षी चाललेली! पण लोकांना चाललं हो. एकेक करत माझ्या पाट्या उतरल्या. शिंप्याची गेली, चष्मेवाल्याची गेली. चष्मेवाल्याची! म्हणजे ज्याचा धंदाच नीट दिसण्याचा, त्यालाही दिसलं नाही!

शेवटी एकच उरली. वाचनालयाची.

आता ती पाटी म्हणजे काय होती ते ऐका. ती माझी पहिली पाटी. तिची आखणी माझ्या वस्तादांनी केलेली आणि रंग मी भरलेला, एकोणीस वर्षांचा होतो, मिशी फुटायची होती नीट. 'वाचनालय'. बस, एवढाच शब्द, अठरा फूट लांब. दर चार वर्षांनी मी वर चढायचो आणि त्याच रेघांवरून पुन्हा रंग द्यायचो. वस्ताद गेले, त्यांचं दुकान गेलं, पण ती पाटी होती तोवर मला वाटायचं, म्हातारा आहे अजून वर बसलेला, बघतोय रस्त्याकडे. खोटं कशाला बोलू, तिथून जाताना मी मान तुकवायचो.

आणि एक दिवस वाचनालयाचे सेक्रेटरी दुकानात आले. निवृत्त हेडमास्तर, फार सज्जन माणूस, पण सज्जन असले की माणसं वाईट बातमी फार हळू सांगतात. "नाही म्हणजे, पेंटर... बसू का? ...नाही म्हणजे, तसं विशेष काही नाही..." मी म्हटलं, साहेब, बोला आता, माझा ब्रश वाळतोय! "नाही म्हणजे, पाटीचं लाकूड सडलंय. इमारत दुरुस्त होतेय ना, तर आता सगळी अक्षरं पत्र्यातून कापून भिंतीवर बसवायची, असं कमिटीचं म्हणणं पडलं." मी म्हटलं, बसवा की, मी कापून देतो! "नाही म्हणजे... मशीन कापतं ते. समोर आहे ना, त्यांच्याकडे आलंय. अक्षरं तुमचीच ठेवू हो आम्ही! पण मशीनला फाइल लागते. महिन्याभरात फाइल द्या. नाहीतर मग... नाही म्हणजे... त्यांच्याकडची तयार अक्षरं बसवू." तयार अक्षरं! वस्तादांच्या जागेवर तयार अक्षरं! हातातला ब्रश उलटा धरला होता मी आणि ते माझ्या लक्षात आलं नाही, अर्धी बाही निळी झाली.

बरं, मी अडाणी नाही. मी काय केलं, शिडी लावली, पाटीवर कागद चिकटवला, अठरा फूट, आणि जशीच्या तशी आखणी उतरवून घेतली. नेऊन दिली त्या फ्लेक्सवाल्याला. म्हटलं, हे घे, कर तुझी फाइल. "पाच मिनिटं, काका!" असं म्हणाला आणि खरंच पाच मिनिटांत केली! कागदावर छापून समोरच्या भिंतीवर लटकवली आणि मला म्हणतो, "बघा काका, तुमचे दांडे जरा वरखाली होते, ते मी एकसारखे करून टाकले. एकच दांडा नीट केला आणि सगळीकडे कॉपी मारला!" आणि खुश! बक्षीस द्यावं अशा चेहऱ्यानं बघतोय माझ्याकडे!

आता तुम्ही मोजा माझ्याबरोबर. 'वाचनालय'. व चा दांडा, त्याचा काना, च चा, न चा, पुन्हा काना, आणि य चा. किती झाले? सहा! ल सोडून. ल चं प्रकरण वेगळं आहे, ते नंतर सांगतो, आठवण करा. तर सहा दांडे. आणि वस्तादांनी ते सहाच्या सहा वेगळे काढलेत. का? तर पाटी आहे उंचावर आणि माणूस येतो खालून, तेही डावीकडच्या चौकातून. त्याला पलीकडचा दांडा बारीक दिसणार, म्हणून य चा दांडा जरासा जाड. न च्या शेजारी काना येतो, दोघं खेटून उभे, म्हणून त्यांच्यात एक हलकी फट, आणि काना किंचित, अगदी किंचित कललेला. मोजाल तर वाकडा, बघाल तर सरळ! आणि यानं काय केलं? सहा दांडे एकसारखे! मी रस्त्यावर उभा राहून बघितलं, आणि तुम्हाला सांगतो, वाचनालय दिसेचना. गज दिसले मला, गज! खिडकीचे गज! वाटलं, आत पुस्तकं नाहीत, कैदी बसलेत!

भांडलो मी. तो म्हणाला, "काका, मग तुम्हीच करा ना फाइल!" आणि हसला. तेच हसू! मी त्या रस्त्याच्या मधोमध उभा राहून सांगितलं त्याला, करतो! मागून रिक्षावाला हॉर्न वाजवतोय, त्यालाही सांगितलं, करतो! त्याचा काय संबंध होता, पण तोंडातून निघालं.

घरी आलो. आता आमची सूनबाई घरी बसून काम करते, साबणाची वेष्टनं, औषधांची खोकी, सगळं त्या काचेच्या पाटीवर पेनानं काढते. इतकी वर्षं मी तिला म्हणायचो, "पोरी, हे काय काचेवर गिरगटायचं? ब्रश धर." ती बिचारी हसून सोडून द्यायची. आता तिच्याकडे कुठल्या तोंडानं जाणार? तरी गेलो. म्हटलं, बाई, एवढं गिरवून दे. तिनं मन लावून केलं हो, दोन दिवस. सुंदर केलं! पण ते तिचं झालं. तिचा हात गोड आहे, पण च गोड असून चालत नाही. च ला थोडा माज लागतो! मी नुसता बघत राहिलो, तर तिनंच पेन खाली ठेवलं. "बाबा, मी कितीही केलं तरी माझ्याच डोळ्यानं होणार. हे तुम्हालाच करावं लागेल. मी दाखवते." मी म्हटलं, कुणाला? मला? "मग? या घरात दुसरा पेंटर कोण आहे?" स्वयंपाकघरातून आमची ही ओरडली, "अहो, आधी हात धुऊन या!" बासष्टाव्या वर्षी शाळेत घालताना हेच पहिलं वाक्य!

पण शरण नाही गेलो हं मी! मी म्हटलं, शिकीन, पण माझ्या पद्धतीनं.

आता माझी पद्धत काय? बेचाळीस वर्षांची पद्धत. डाव्या हातात काठी, तिच्यावर उजवा हात टेकवायचा, म्हणजे ओल्या रंगाला मनगट लागत नाही. घेतली काठी, टेकवली काचेवर, आणि बसलो. सूनबाई म्हणाली, "बाबा, काठी कशाला? काही ओलं नाहीये." मी म्हटलं, तुला काय माहीत! पहिली रेघ ओढली. चुकली. आता रेघ चुकली की पेंटर काय करतो? विचार नाही करत. हात आपोआप खिशात जातो, टर्पेंटाइनचा बोळा बाहेर येतो, आणि रंग वाळायच्या आत, सप्पकन! ...तुम्ही हसताय. मला पुढचं सांगवत नाही आणि तुम्ही हसताय. अहो, रेघ तिथेच! ढिम्म हललेली नाही! मी आणखी जोर लावला! काचेवर ती पातळ फिल्म असते ना, ती दुधासारखी पांढरी झाली, सुरकुतली, आणि घरभर तो वास! सूनबाई दारात उभी. ओरडली नाही हो ती. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त हळूच म्हणाली, "बाबा... ते आत आहे." मी म्हटलं, काय आत आहे? "रेघ. काचेच्या आत आहे." म्हणजे बघा! मी तिजोरीच्या बाहेरून दागिने पुसत होतो!

दुसऱ्या दिवशी तिनं नवी फिल्म लावली आणि माझ्या खिशाची झडती घेतली. स्वतःच्या घरात झडती! मग मला लेयर शिकवला. लेयर म्हणजे थर, हे मला कळलं, म्हटलं हे आपलंच आहे, यात काय शिकवते! खाली आखणी, वर भरणी. पहिला थर केला मी. छान झाला. तिनं सांगितलं, "आता नवा लेयर घ्या", आणि ती भाजी आणायला गेली. अर्ध्या तासानं आली तर मी तसाच बसलेला, हाताची घडी घालून, आणि टेबलफॅन त्या काचेवर सोडलेला. "बाबा, काय करताय?" मी म्हटलं, काय करताय म्हणजे? पहिला लेयर वाळू तर दे!

...नाही, हसा, हसा. आमची ही तर जमिनीवर बसली हसत. पण मी विचारतो, यात चुकलं काय माझं? ओल्यावर ओलं द्यायचं नाही, हे माझ्या हाडात आहे! वस्ताद थप्पड मारायचे त्यासाठी! आता एका दुपारी माझ्या हाडांना कोण समजावणार, की इथं काहीच ओलं नसतं?

आणि सगळ्यात नालायक गोष्ट म्हणजे ते अंडू. रेघ चुकली की दोन बोटांनी काचेवर टकटक करायचं, की रेघ गायब! गेली! डाग नाही, ओरखडा नाही, जणू चूक झालीच नव्हती! मी सूनबाईला स्वच्छ सांगितलं, हे मला मान्य नाही. ही काय नीती झाली? बेचाळीस वर्षांत मी एक चूक केली की ती निभावलीय. शिंप्याच्या पाटीवर माझ्या ब्रशातून थेंब पडला होता, मी त्याचं बटण केलं! चार भोकं काढली त्यात! लोक म्हणायचे, काय कल्पना आहे! आणि इथं? टकटक! कुणी जबाबदारीच घ्यायची नाही! असं मी बोलत होतो आणि बोलताना तावातावानं ती दोन बोटं काचेवर आपटत होतो... टकटक, टकटक, टकटक... आणि सूनबाई म्हणते, "बाबा! बाबा, थांबा!" बघतो तर काय, काच कोरी. सकाळपासूनचं सगळं गेलं! निषेध करता करता पुसलं मी माझं स्वतःचं काम! तिनं ते परत आणायचीही खूण दाखवली, तीन बोटांची. पण तोवर माझा आवाज बसला होता.

आता एक गोष्ट सांगतो, ती हसायची नाही. माझा हात थरथरतो. सांगून टाकतो एकदाचं. तीन वर्षं झाली. शिडीवर चढायला डॉक्टरनं बंदी केलीय ती गुडघ्यासाठी, असं मी सगळ्यांना सांगतो. गुडघ्यासाठी नाही. मी शिडीवर चढून पाटीची आखणी कागदावर घेतली ना, तीही चोरून, आणि खाली आल्यावर पाच मिनिटं खांबाला धरून उभा होतो. घरात कुणाला माहीत नाही असं मला वाटायचं. तर सूनबाई एक दिवस काही न बोलता माझी रेघ मोठी करून दाखवायला लागली, इतकी मोठी की एकटा च चा गोल अख्ख्या काचेवर. तिथं बिंदू टाकत गेलं की रेघ त्यांना आपोआप जोडत जाते, आणि त्या गोलावर मी बिंदू टाकले होते, थरथर लपवायला, दोनशे बारा! प्रत्येक ठिकाणी थांबत थांबत, भिंत धरून चालावं तसं. ती म्हणाली, "बाबा, एवढे नको. या गोलाला चार पुरतात. चार ठेवा आणि मधली रेघ तिची तिला जाऊ द्या." मी चमकलो. कारण वस्ताद हेच म्हणायचे! अगदी हेच! "मधे थांबू नकोस रे, इथून निघ, तिथं पोच, मधली रेघ तिची तिला जाऊ दे!" पोरीनं वस्तादांना बघितलेलंसुद्धा नाही! मी दोनशे आठ बिंदू काढून टाकले, आणि चार ठेवले, आणि तो गोल असा फिरला... असा फिरला की काय सांगू. वीस वर्षांपूर्वीचा माझा हात होता तो. मी चष्मा पुसायचं निमित्त केलं. सूनबाईनं खिडकी बंद करायचं निमित्त केलं, जी आधीच बंद होती.

तेव्हा मला कळलं, थरथर हाताची आहे, अक्षराची नाही! अक्षर डोळ्यात असतं, आणि डोळा माझा शाबूत आहे! मग मी पेटलो. सहाच्या सहा दांडे बसवले, वेगवेगळे, एकेकाला त्याचं त्याचं वजन देऊन. काना किंचित कलवला. च ला माज दिला. मी शिकवणीला वेळेवर बसायला लागलो, तर ही म्हणते, "इतके वेळेवर कधी जेवायला नाही आलात!" येणार कसा? शरण नव्हतो गेलो मी! चढाई होती ती, चढाई!

आणि आता तो ल. आठवण कुणीच केली नाही, मीच सांगतो. वस्ताद आखणी करत होते तेव्हा ल वर आल्यावर त्यांना शिंक आली. मी शेजारी रंगाचा डबा धरून उभा होतो, माझ्या डोळ्यांदेखत! खडू सरकला, आणि ल चं उजवं वेटोळं बोटभर जास्त फुगलं. मी म्हटलं, वस्ताद, पुसू? तर म्हणाले, "राहू दे. शिंकलो ते खरंच होतं." झालं! तेव्हापासून दर चार वर्षांनी मी ती शिंक रंगवत आलोय! आणि आता माझ्यासमोर काच. एका हिसक्यात नीट होणारं वेटोळं. मोह झाला मला, खोटं नाही सांगत. ओढलं आत, केलं नीट. अगदी प्रमाणात आलं. आणि मी लांब जाऊन बघितलं, तर शब्द मेला होता. कुठल्याही गावचं, कुणाचंही वाचनालय. वस्ताद उठून गेले होते तिथून! धावलो, आणि ज्याला मी महिनाभर शिव्या दिल्या तीच दोन बोटं... टकटक. शिंक परत आली! एका क्षणात, जशीच्या तशी! त्या दिवसापासून मी अंडूविरुद्ध बोलणं जरा कमी केलं. बंद नाही हं. कमी.

एकोणतिसाव्या दिवशी फाइल घेऊन समोर गेलो. मी, रस्ता ओलांडून, छाती काढून! फ्लेक्सवाल्यानं उघडली, बघितली, आणि काय म्हणाला असेल? "वा काका! पण हे दांडे वाकडे आहेत, आणि हा ल पण सुजलाय. थांबा, एका क्लिकवर सरळ करतो." आणि क्लिक केलं. काही झालं नाही. पुन्हा क्लिक केलं. काही नाही. तिसऱ्यांदा. मग तो स्क्रीनच्या जवळ गेला, आणि मी पाठीमागून, अगदी शांतपणे म्हटलं, "लेयर लॉक केलाय मी."

तुम्हाला सांगतो, तो चेहरा! बेचाळीस वर्षांत मी कधी माणसाचं चित्र काढलं नाही, पण तो चेहरा काढावासा वाटला! "काका... लॉक... तुम्ही?" मी म्हटलं, सरक. आणि त्याच्या खुर्चीत बसलो, शब्द लहान केला, चौकातून दिसतो तेवढा, आणि म्हटलं, बघ आता. वाकडे आहेत का? त्यानं बघितलं. खूप वेळ बघितलं. मग स्वतःच्या भिंतीवरचे बोर्ड बघितले. मग पुन्हा स्क्रीन. आणि हळूच म्हणाला, "काका, हे मला कधी शिकवाल?" आता सांगा, वीस वर्षांचा राग मी कुठे ठेवू? नीट भांडताही येऊ देत नाही हा माणूस!

कापली अक्षरं. बसवली भिंतीवर. पडदा बाजूला झाला, सगळं गाव जमलेलं, मी पुढे उभा, इस्त्रीचा शर्ट घालून. सेक्रेटरींनी वर बघितलं, डोळे भरून आले त्यांचे, म्हणाले, "नाही म्हणजे, पेंटर... अगदी जुनी पाटी होती तशीच! काही म्हणता काही बदललं नाही!" आणि लोक म्हणाले, हो की, काहीच बदललं नाही! एकानं तर विचारलं, "मग पेंटर, यात तुम्ही केलंत काय?" मी केलं काय! अहो, महिनाभर मी टर्पेंटाइनशिवाय जगलो, दोनशे आठ बिंदू काढले, एक शिंक वाचवली, आणि म्हणे केलंत काय! वर बघितलं, सवयीनं मान तुकवली, आणि म्हातारा तिथं होता. मग मला काय कुणाच्या विचारण्याचं!

म्हणजे बघा, हरलं कोण? मी नाही! हात माझा, डोळा माझा, काच नुसती हमाल! मी हेच सगळ्यांना ठणकावून सांगत होतो कालपर्यंत.

काल माझ्या शेजारच्या न्हाव्यानं बोलावलं. जमिनीवर उभं राहून हात पोचेल एवढ्या उंचीवर, शिडी नको काही नको, दाराशेजारच्या भिंतीवर 'आत या' एवढंच लिहायचं. म्हटलं, आता दाखवतो! कॉम्प्युटर नाही, काच नाही, खरा ब्रश, खरा रंग, खरी भिंत! गिऱ्हाइकं अर्ध्या दाढ्यांवर बाहेर आली बघायला. मी काठी टेकवली, श्वास धरला, दांडा ओढला, वरून खाली, सरळ... आणि शेवटी हात थरथरला. रेघ गेली बाहेर. काही हरकत नाही, म्हटलं, बोळा कशासाठी असतो! खिशात हात घातला, तर बोळा नाही. काच पुसायचा मऊ रुमाल! सूनबाईनं दिलेला, फुलाफुलांचा! आणि मग, तुम्हाला सांगतो, मला काय झालं ते मला माहीत नाही, माझा हात पुढे गेला, आपोआप, अगदी शांतपणे, आणि मी त्या भिंतीवर दोन बोटांनी... टकटक.

रेघ तिथेच.

मी पुन्हा केलं. जरा जोरात. मग थोडं थांबलो, म्हटलं, वेळ लागत असेल. न्हावी बघतोय, अर्ध्या दाढ्या बघतायत, समोरून फ्लेक्सवाला बघतोय, आणि भिंतीवर माझ्या ओल्या बोटांचे चार निळे ठसे...

शरण नाही गेलो हो मी! अजूनही नाही. पण एवढी बेचाळीस वर्षांची ओळख आहे आमची, एकदा भिंतीनं ऐकलं असतं तर तिचं काय बिघडलं असतं?